नायिगू केलसा बेकव्वा!

"आमच्या सर्जाला काय कमी आहे?" हे वाक्य मी एका वर्षात किती जणांना ऐकवलं असेल, त्याचा हिशेब नाही. सकाळ-संध्याकाळ दूध-भाकरी, आठवड्यातून दोनदा अंडी, महिन्यातून एकदा अंघोळ, वेळच्या वेळी इंजेक्शनं, बसायला जाड गोणपाट आणि फाटकाशेजारी पत्र्याची सावली. एवढं सगळं असूनही आमचा कुत्रा दिवसेंदिवस बिघडत चालला होता, आणि मी मात्र त्याच्या थाळीकडे बोट दाखवून स्वतःचं समाधान करून घेत होते.

सर्जा आमच्याकडे आला तो २०२१ च्या संक्रांतीला. माझं माहेर निपाणीचं मराठी, सासर मुधोळ तालुक्यातलं कन्नड आणि संसार बेळगावात, टिळकवाडीत. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांना, म्हणजे आमच्या अप्पांना, आम्ही गावाहून इकडं आणलं. घटप्रभेच्या काठचं उसाचं रान सोडून चार खोल्यांच्या घरात येणं त्यांच्या जिवावर आलं होतं. येताना त्यांनी एकच हट्ट धरला: गावातल्या कुत्रीचं एक पिल्लू बरोबर पाहिजे. मुधोळचंच पिल्लू ते. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट आणि डोळे असे, की लांबवर पान हललं तरी टिपावेत.

आमच्या घरी शेजारीपाजारी बघायला यायचे. नुकतंच, २०२० च्या ऑगस्टमध्ये, पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये मुधोळ कुत्र्याचं नाव निघालं होतं, त्यामुळं त्याचा रुबाब वाढलेला. आम्हीही कौतुकानं सांगायचो. मुधोळच्या घोरपडे संस्थानात राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली, २००५ साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं, २०१६ मध्ये लष्करानं प्रशिक्षणासाठी पिल्लं मेरठला नेली, असा सगळा इतिहास माझ्या मुलाला पाठ होता. एवढ्या नामांकित कुळातल्या कुत्र्याला आम्ही काय काम दिलं होतं? फाटकाजवळ बसून राहण्याचं!

बांधलेला दिवस

आमचा दिनक्रम तुमच्यासारखाच. मी आठ वाजता कॉलेजला, यजमान बँकेत, मुलगा शाळेत. जाताना सर्जाची साखळी फाटकाजवळच्या कडीत अडकवायची, ती संध्याकाळी साडेपाचला सोडायची. मग दहा मिनिटं कोपऱ्यापर्यंत फेरी. त्यातही तो प्रत्येक खांबापाशी थांबून हुंगायला लागला, की मी त्याला ओढत पुढं न्यायची. 'चल, चल, काय घाण हुंगतोयस!' हा माझा ठरलेला मंत्र.

दीड वर्षाचा झाला तसा तो बदलला. मोगऱ्याच्या दोन कुंड्या उकरून काढल्या. चपला तर किती गेल्या! दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकावर घसा बसेपर्यंत भुंकायचा. मग पुढचा डावा पंजा चाटायला लागला. चाटून चाटून केस गेले आणि रुपयाएवढी लालभडक जखम झाली. मलम लावलं, की तेही चाटून मोकळा.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी साखळीची कडी तुटली. सर्जानं एका झेपेत कंपाऊंडची भिंत ओलांडली आणि सायकलवरून जाणाऱ्या शेजारच्या मुलीला खाली पाडलं. चावला नाही, पण पोरीचा कोपर सोलवटला आणि ती भीतीनं थरथर कापत होती. तिची आई भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "री मॅडम, त्याला कुठंतरी पाठवून द्या की. आमची पोरं बाहेर खेळायची कशी?"

त्या रात्री यजमानांनी गावाकडं चुलतभावाला फोन केला. येत्या रविवारी येऊन कुत्रा घेऊन जा, म्हणाले. मुलगा न जेवता झोपला. अप्पा मात्र ओट्यावर सर्जाजवळ बसून होते. मी त्यांना आत बोलवायला गेले तर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "नायिगू केलसा बेकव्वा. सुम्न कुंतर हुच्च हिडितैती." कुत्र्यालाही काम लागतं गं, नुसतं बसलं तर वेड लागतं.

ते सर्जाबद्दल बोलत होते, की स्वतःबद्दल, हे मला त्या क्षणी कळलं नाही. पण सत्तर वर्षं रानात राबलेला तो माणूस आमच्या घरी येऊन दीड वर्ष खुर्चीवर बसून होता, हे माझ्या एकदम लक्षात आलं. त्यांच्याबद्दलही मी हेच म्हणत असे, 'अप्पांना काय कमी आहे?'

डॉक्टर काय म्हणाले

दुसऱ्या दिवशी सर्जाला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. पंजा चाटण्यामागं गोचिडी, बुरशी, ॲलर्जी किंवा सांध्याचं दुखणं असू शकतं, म्हणून त्यांनी आधी ते सगळं तपासलं. तुमच्याकडं असं झालं तर तुम्हीही आधी तेच करा. शरीराचं दुखणं 'सवय' म्हणून सोडून देऊ नका. सर्जाला मात्र तसं काही निघालं नाही. मग डॉक्टरांनी मला साधा प्रश्न विचारला: "हा दिवसभर करतो काय?"

मी म्हटलं, "काही नाही. बसून असतो."

"मग तोच त्याचा आजार आहे."

ते पुढं म्हणाले, मुधोळ हा नजरेनं शिकार हेरून वाऱ्यासारखा पाठलाग करणारा कुत्रा. पिढ्यान्‌पिढ्या सशामागं धावण्यासाठी माणसानं त्याला घडवलं. ते पाय, ते डोळे, ते डोकं आपण तीन हात साखळीला बांधून ठेवलं तर ती शक्ती जाणार कुठं? कुंडीत, चपलेत, नाहीतर स्वतःच्याच पंजात.

नंतर मला आणखी एक गोष्ट वाचायला मिळाली आणि शरमेनं मान खाली गेली. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा आपल्या देशाचा कायदा १९६० चा आहे. त्याच्या अकराव्या कलमात मारणं, उपाशी ठेवणं यांच्याच रांगेत आणखी एक गोष्ट क्रूरता म्हणून लिहिली आहे: नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं फिरवून व्यायाम न देणं. काठी उगारणारा माणूस क्रूर, हे आपल्याला पटतं. पण वेळेवर दूध-भाकरी घालणारी मी, प्राध्यापक बाई, त्याच यादीत बसत होते!

रविवारी चुलतभाऊ आला. अप्पांनीच त्याला चहा पाजून परत पाठवलं. "एक महिना बघू" म्हणाले.

नाकाला काम

पहिला बदल अगदी फुकटातला होता. फिरायला गेलं की त्याला हुंगू द्यायचं. आपल्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख. कुत्र्याच्या नाकात त्या, जातीप्रमाणे, दहा कोटींपासून तीस कोटींपर्यंत असतात. आपण सकाळी पेपर वाचतो तसा तो खांब वाचतो. इथून कोण गेलं, केव्हा गेलं, नर की मादी, सगळी बातमी त्याला तिथं मिळते. आपण ओढून नेतो, म्हणजे त्याच्या हातातला पेपर दर दोन ओळींनी हिसकावून घेतो.

२०१९ साली शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या दोन संशोधिकांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वास घेऊन खाऊ शोधायचा खेळ दिला, काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा सराव दिला. आधी आणि नंतर परीक्षा एकच: खाऊ असेल की नसेल अशा संशयाच्या जागी ठेवलेल्या वाटीकडं कुत्रा किती उत्साहानं जातो. हुंगण्याचं काम मिळालेले कुत्रे नंतर अधिक लवकर वाटीकडं गेले, शिस्तीत चाललेल्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे नाकाला काम मिळालं तर कुत्रा जणू आशावादी होतो. आमच्या घरात त्याचा अर्थ लावायला वेगळ्या परीक्षेची गरज पडली नाही. अर्धा तास मनसोक्त हुंगून आलेला सर्जा घरी येऊन गाढ झोपायला लागला.

दुसरा बदल थाळीत केला, खरं तर थाळीच काढून टाकली. ज्वारीच्या भाकरीचे बारीक तुकडे करून परसातल्या गवतात टाकायचे आणि सर्जाला म्हणायचं, "हुडुकु!" पूर्वी अर्ध्या मिनिटात संपणारं जेवण आता वीस मिनिटं चालतं. पावसात परस चिखलाचं होतं तेव्हा जुन्या पंचाला सैल गाठी मारून त्यात तुकडे लपवायचे. नाहीतर अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्यायचा, खळग्यांत तुकडे टाकून वर कागदाचे बोळे ठेवायचे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावचा पाऊस कुणाला घराबाहेर पडू देत नाही, त्या दिवसांत हे खेळ फार उपयोगी पडतात. मात्र आपण जवळ असावं. पुठ्ठा किंवा कापड खाऊन टाकणारा कुत्रा असेल तर हा खेळ त्याच्यासाठी नाही.

पायाला काम

मुधोळ, कारवान यांसारख्या कुत्र्यांना नुसतं चालून समाधान होत नाही, त्यांना पाठलाग हवा असतो. पण रस्त्यावर मोकळं सोडावं, तर मांजर दिसल्यावर हाक ऐकू येत नाही. मुलानं युक्ती केली. पाच फुटी काठी, तिला तेवढीच दोरी आणि दोरीच्या टोकाला माझ्या जुन्या साडीच्या चिंध्यांचा गोळा. कुंपण असलेल्या मोकळ्या प्लॉटवर काठी जमिनीलगत फिरवायची, सर्जानं चिंधीमागं धावायचं. दहा मिनिटांत त्याची जीभ बाहेर येते.

यात काही पथ्यं आहेत. दर थोड्या वेळानं चिंधी त्याला पकडू द्यावी. नुसतंच पळवून हाती काही लागलं नाही, तर माणूस चिडतो तसा कुत्राही चिडतो. गोळा हवेत उंच उडवू नये, उड्यांनी सांधे दुखावतात. वर्षाच्या आतल्या पिल्लाला असली दमछाक करायला लावू नये, हाडं तयार व्हायची असतात. खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो, म्हणून पोटभर जेवणानंतर दोन तास तरी पळवणं नको. आणि उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघा. आपल्याला पाच सेकंद सोसवत नसेल, तर त्याच्या तळव्यांना कसं सोसवेल?

सगळेच कुत्रे काही मुधोळ नसतात. लॅब्राडोर असेल तर त्याला वस्तू आणून द्यायला आवडतं, त्याला सकाळचा पेपर आणायला शिकवा. पॉमेरेनियनला दोन खोल्यांत लपाछपी पुरते. गल्लीतून घरी आणलेला गावठी कुत्रा तर चतुराईत कुणाला हार जाणार नाही, त्याला कोडी घाला. म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय थकले तरी नाक बराच काळ काम करतं, त्याला बसल्या जागी हुंगायचे खेळ द्या. आपला कुत्रा कशासाठी घडला आहे, हे बघून काम द्यावं.

डोक्याला काम, तेही दोन भाषांत

आमच्या घरातला तिसरा घोटाळा तुमच्याही घरात असेल. मी म्हणायची 'बस', अप्पा म्हणायचे 'कुंद्र', मुलगा इंग्रजीत 'सिट', आणि यजमान चारचौघांत तिन्ही एकदम! बिचारा सर्जा चौघांच्या तोंडाकडं बघत उभा. आम्ही म्हणायचो, ऐकतच नाही. खरं तर कुत्र्याला मराठीही येत नाही आणि कन्नडही. त्याला ठराविक आवाज आणि त्यानंतर ठराविक फळ एवढंच कळतं. एका कृतीला एकच शब्द घरातल्या सगळ्यांनी वापरला, तर तो कुठल्याही भाषेतला चालतो.

मग एका रात्री जेवताना आम्ही चौघांनी तह केला. बसायला 'बस', यायला 'बा', शोधायला 'हुडुकु' आणि तोंडातली वस्तू सोडायला 'सोड'. सीमाभागातला हा बहुधा सर्वांत कमी वेळात सुटलेला भाषेचा प्रश्न असावा! दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं शिकवायचं, बरोबर केलं की लगेच तुकडा आणि शाबासकी. चुकलं तर ओरडायचं नाही, फक्त तुकडा नाही. सर्जा तीन आठवड्यांत चारही शब्द शिकला.

बक्षीस देताना मात्र जपा. विजापूर-तासगावकडचे बेदाणे आपल्या डब्यात असतातच, पण द्राक्ष किंवा बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो, एकही देऊ नये. कांदा, लसूण, चॉकलेट यांनाही तोच नियम. शिजवलेलं हाड फुटून त्याच्या सळ्या होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात, तेही नको. उकडलेल्या अंड्याचे, गाजराचे, साध्या भाकरीचे तुकडे पुरेसे आहेत. हा खाऊ रोजच्या जेवणातूनच वजा करावा, नाहीतर शहाणा कुत्रा लठ्ठ व्हायचा.

आणि शेवटचं पथ्य विश्रांतीचं. मोठा कुत्रा दिवसाचा निम्मा वेळ झोपतो, त्याला झोपू द्यावं. पहिल्या उत्साहात मुलानं त्याला दिवसभर खेळवलं, तर तो रात्री उलट जास्तच अस्वस्थ झाला. काम हवं, पण त्याचा रगाडा नको.

आता

एका महिन्याची मुदत केव्हा संपली, ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. पंज्याची जखम दोन महिन्यांत भरली, केस आले. भुंकणं थांबलं असं म्हणणार नाही, पोस्टमनशी त्याचं वैर कायम आहे. साखळी गेली. कंपाऊंडची भिंत आम्ही दोन फूट वाढवून घेतली. बाहेर नेताना पट्टा आणि लांब दोरी असतेच. सायकलवरून पडलेली ती मुलगी पुढं कितीतरी महिने आमच्या फाटकासमोरून चालत जायची नाही. तिच्या आईचा राग गेला, पण त्या मुलीची भीती पूर्ण जायला वर्ष लागलं. त्याची जबाबदारी सर्जाची नव्हती, माझी होती.

सगळ्यांत मोठा बदल अप्पांच्यात झाला. पहाटे साडेपाचला ते आणि सर्जा व्हॅक्सिन डेपोच्या कडेच्या रस्त्यानं फिरायला जायला लागले. वाटेत चार माणसं थांबून विचारायची, "मुधोळद नायि एनरी?" आणि अप्पा उभ्या उभ्या संस्थानाच्या काळापासून सुरुवात करायचे. टिळकवाडीतली जेवढी माणसं मला वीस वर्षांत ओळखत नव्हती, तेवढी त्यांना सहा महिन्यांत ओळखू लागली.

गेल्या वर्षापासून त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, विस्मरणही वाढलंय. पहाटेची फेरी आता मुलगा करतो. पण संध्याकाळचा खेळ अप्पांनी कुणाला दिलेला नाही. पाच वाजता ते भाकरीचे दहा तुकडे मोजून घेतात आणि घरभर हळूहळू फिरून ते लपवतात. उशीखाली, पायपुसण्याच्या आड, तुळशीच्या कट्ट्यामागं. सर्जाला मी तोवर आत धरून ठेवते. मग खुर्चीत बसून ते हाक देतात, "हुडुकु!"

परवा सर्जानं नऊ शोधले आणि दहावा काही मिळेना. अप्पा मला विचारायला लागले, "कुठं ठेवला गं मी?" त्यांना आठवेना, मला माहीत नव्हतं. सर्जा दोनदा घरभर फिरून आला, क्षणभर थांबला आणि सरळ अप्पांपाशी जाऊन त्यांच्या बंडीच्या खिशात नाक खुपसलं.

अप्पांनी खिशात हात घातला. दहावा तुकडा तिथंच होता.